टप्पाबाह्य

१५ जून २०२५, रविवार. जाफराबाद.

पाच दिवसांचं ट्रेनिंग संपवून संध्याकाळी घरी आलो. डोकं लख्ख झालंय. इतकी वर्षं नोकरी केली, पण देशाचं शिक्षण रचतात कसं ते आत्ता कळलं. पहिली, दुसरी, तिसरी हे सगळं जुनं झालं. आता वयाचे टप्पे. कागदावर 'स्तर' म्हणतात, मी टप्पे म्हणतो, गावात तेच कळतं. तीन ते आठ वर्षं पायाभूत. आठ ते अकरा पूर्वतयारी. अकरा ते चौदा मधला. चौदा ते अठरा माध्यमिक. पायाभूतमध्ये विषयच नाहीत, नुसतं खेळत शिकायचं. मग विषय हळूच आत येतात. मग विज्ञान वेगळं, समाजशास्त्र वेगळं, जोडीला हाताचा एखादा व्यवसाय. शेवटी पोरांनी आपले विषय आपणच निवडायचे. मांडणीवर भांडी लावावीत तसं प्रत्येक पोर आपल्या जागी. किती सुंदर!

संकल्प: बरडवाडीची आपली शाळा टप्प्यांवर चालणारी जिल्ह्यातली पहिली वस्तीशाळा करायची. मूळ दस्तऐवज पूर्ण वाचायचा (मोठा आहे, रोज दहा पानं). पहाटे पाचला उठायचं.

भावनाला सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, गॅसचा नंबर लावलात का?

१६ जून, सोमवार.

साडेसहाला उठलो. प्रवासाचा शीण.

प्रवेशोत्सव. फुगे, गुलाब, एक ट्रॅक्टर. शाळेत पहिली ते चौथी, खोल्या दोन, शिक्षक दोन. सत्यशीला मॅडम आणि मी. मी प्रभारी मुख्याध्यापक. पट बावीस. मॅडमना टप्प्यांबद्दल सांगितलं. त्या फळा पुसत म्हणाल्या, बरं. मॅडम स्वभावाने चांगल्या आहेत, पण दृष्टी नाही.

एक गोष्ट खटकली. चौथीतली रेणू याही वर्षी धाकट्या बहिणीला कडेवर घेऊन आली. छकुली, वय चार. आईबाप मेंढरांमागे जातात, घरी कोणी नसतं, म्हणून गेल्या वर्षापासून ही मूर्ती रेणूच्याच वर्गात. रेणू वाचते चांगलं, मोठ्याने आणि न अडखळता, पण मांडीवर छकुली आणि पुस्तकाच्या कोपऱ्यावर छकुलीचा हात. दुसऱ्या घरचीही दोन-तीन लहानगी अशीच भावंडांना चिकटून बसलेली. मॅडम म्हणाल्या, बसू द्या, त्रास नसतो त्यांचा. त्रासाचा प्रश्न नाही. टप्प्याचा आहे.

दस्तऐवज: पान चार. मोबाईलवर अक्षर बारीक दिसतं.

२१ जून, शनिवार.

भोकरदनचा पेंटर आणून बाहेरच्या भिंतीवर चार पायऱ्यांचा जिना काढून घेतला. प्रत्येक पायरीवर वय आणि विषय. मजकूर माझा, खाली नावही माझं. भिंत कमी पडली म्हणून चौथी पायरी खिचडीच्या खोलीवर गेली. तिथे धूर लागतो. चौदा ते अठरा वय आठवडाभरात काळं पडेल असं दिसतं. पण आपल्याकडे चौथीपर्यंतच वर्ग, तेव्हा घाई नाही.

मधल्या सुट्टीत रेणू भिंतीपाशी उभी राहून छकुलीला सगळा जिना वाचून दाखवत होती. मला म्हणाली, सर, माझी पायरी कोन्ती? दाखवली. छकुलीची? तीही दाखवली. तर म्हणते कशी, मंग ती माझ्या खालीच हाय की, जवळच हाय. पोरगी हुशार आहे, पण उलट बोलायची सवय वाईट.

३० जून, सोमवार.

तिसरी भाषा रद्द झाल्याची बातमी. मी पहिल्याच पायरीवर मोठ्या अक्षरात लिहवून घेतली होती. पेंटर फोन उचलत नाही. स्वतःच चुन्याचा हात मारला, तर शेजारचं 'खेळ' पण गेलं.

दस्तऐवज: पान अकरा. प्रस्तावनाच फार सखोल आहे, परत परत वाचावी लागते.

४ जुलै, शुक्रवार.

आज ऐतिहासिक दिवस. टप्प्यांप्रमाणे बैठक सुरू. पहिली-दुसरी पायाभूत, मॅडमच्या खोलीत. तिसरी-चौथी पूर्वतयारी, माझ्या खोलीत. सहा वर्षांखालचं कोणीही शाळेत नाही. त्यांची जागा अंगणवाडीत, तिथेच त्यांचा पाया. रेणूला तसं स्पष्ट सांगितलं.

अंगणवाडी खालच्या गावात आहे, ओढ्यापलीकडे, आणि दुपारच्या आत सुटते. मॅडमनी हे दोनदा सांगितलं. म्हटलं, अभ्यासक्रम ओढा बघून ठरत नाही.

शिवाय छकुलीचे तीन मुद्दे आहेत. एक, ती पटावर नाही आणि खिचडी खाते. तपासणीत हे कोण निस्तरणार? दोन, मागच्या महिन्यात तिने सतरंजी ओली केली. तीन, सगळ्यात गंभीर. चौथी पाढे म्हणते तेव्हा ही पण म्हणते. सातचा पाढा पाठ आहे तिला. चार वर्षांच्या मुलीला! पायाभूत टप्प्यात पाढे नाहीत. शाळेबाहेरच्या मुलाला आपण शाळाबाह्य म्हणतो. छकुलीसाठी मी शब्द काढला: टप्पाबाह्य. पुढच्या ट्रेनिंगमध्ये मांडणार.

मॅडम म्हणाल्या, लहानमोठी पोरं एकमेकांजवळ बसून शिकतात असं तुमच्याच ट्रेनिंगात शेवटच्या दिवशी सांगितलं म्हणे. कोण म्हणे? शेवटच्या दिवशी मी प्रमाणपत्राच्या रांगेत होतो, मला माहीत असतं.

५ जुलै, शनिवार.

सकाळच्या शाळेला रेणूची आई जयवंताबाई आली. काठी हातातच. मोठ्याने बोलते बाई, माळावर बोलायची सवय. म्हणाली, सर, धाकलीला कुठं ठिवू मी? मेंढराच्या पाठीवर बसवू का? पोरगी एका कोपऱ्यात बसती, तुमचं काय खाती? म्हटलं, खिचडी खाते. तिने काठी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाली, खिचडी नका दिऊ, भाकर बांधून देते. बसू तर द्या.

मी शांतपणे तिला बाहेर नेऊन जिना दाखवला. तीन ते आठ, आठ ते अकरा. बाईने भिंतीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाली, हे कोनी केलं? अभिमानाने सांगितलं, वरून आलंय, रचना पूर्ण देशाची आहे. ती म्हणाली, देशाला धाकल्या बहिनी न्हाईत व्हय?

पालक प्रबोधनाची फार गरज आहे. संकल्प: दर महिन्याला पालक मेळावा.

१४ जुलै, सोमवार.

रेणू आठवडाभर गैरहजर. दोन्ही खोल्यांत शिस्त मात्र उत्तम. कोणी मांडीवर नाही, कोणी मध्येच पाढे म्हणत नाही. चौथीच्या धड्याचं वाचन तेवढं रखडतं. रेणू सुरुवात करायची आणि बाकीचे मागून येत. आता सुरुवात मला करावी लागते.

घरी वेगळी कटकट. आमची आकांक्षा पण चारच वर्षांची. जाफराबादच्या इंग्लिश शाळेत नर्सरीत घातलीय. (त्याबद्दल लोक बोलतात. बोलू देत. मला इथे प्रयोग करायचाय, आणि प्रयोग आपल्या मुलीवर करू नये हा साधा नियम आहे.) रोज रडते. आज हाफ-डे टाकून स्वतः गेलो. प्रिन्सिपल मॅडमना विनंती केली की हिची चुलत बहीण तुमच्याच पहिलीत आहे, महिनाभर हिला तिच्याजवळ बसू द्या. म्हणाल्या, शुअर सर. आकांक्षा लगेच शांत. बहिणीचा फ्रॉक धरून बसली. लहान मुलाला ओळखीचा हात लागतो, एवढं शिक्षकाला कळलं पाहिजे. याला म्हणतात बालकेंद्री शाळा.

२८ जुलै, सोमवार.

रेणूच्या घरी जाणार होतो. पाऊस. चिखल. बुटांची अवस्था. निरोप पाठवला. उत्तर आलं, पोरगी कळपासोबत गेली हाय, येईल तव्हा येईल.

विचार केला, मेंढरांमागे जाणं हेही अनुभवातून शिक्षणच. परिसर अभ्यास आपोआप होतो. रजिस्टरला तूर्त हजेरी लावून टाकावी का? मॅडमनी पेन काढून घेतलं. या बाईचा मला कधी कधी फार राग येतो.

दस्तऐवज: पान अकरा.

१५ ऑगस्ट, शुक्रवार.

झेंडावंदन. माझं भाषण: राष्ट्र आणि टप्पे. सरपंच मध्येच फोनवर बोलायला गेले ते परत आले नाहीत.

भाषण चालू असतानाच शाळेसमोर पिवळी व्हॅन येऊन थांबली. आकांक्षाच्याच शाळेची. ड्रायव्हर वस्तीवर पत्रकं वाटून राह्यला होता. (बघा, या लोकांत राहून भाषा बिघडते.) पत्रकावर: नर्सरी ते चौथी, एकाच गाडीत, भावंडं शेजारी. मी मनात हसलो. इतक्या फिया वस्तीला कुठल्या परवडणार!

१ सप्टेंबर, सोमवार.

दोन घरांना परवडल्या. चार मुलांचे दाखले नेले. एकाने बोकड विकला म्हणे. कारण विचारलं, तर तो म्हणाला, इथं बारक्याला घेत न्हाईत सर, मोठ्याला एकट्याला धाडून बारक्याला कोन बघनार? व्हॅनवाला दोघांना बी नेतो, बिलकुल दारातून.

इंग्रजीचं खूळ. बाकी काही नाही.

पट अठरा. तीस सप्टेंबरचा पट धरून पदं ठरतात, आणि वीसच्या खाली गेलं की एक शिक्षक अतिरिक्त होतो. म्हणजे मॅडम जाणार. वाईट वाटलं. त्यांना सांत्वन म्हणून म्हटलं, काळजी करू नका, तुमच्या खोलीचं मी बघेन. त्या म्हणाल्या, सर, जयवंताबाईकडे जाऊन या. एक रेणू आली तर मागून दोन-चार येतील. छकुलीला माझ्या खोलीत बसवते मी.

म्हटलं, तत्त्वाचा प्रश्न आहे. पण जाईन म्हटलं. उद्या नाही, उद्या प्रेझेंटेशनची तयारी.

१२ सप्टेंबर, शुक्रवार.

आसपासच्या शाळांच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत माझं सादरीकरण. चाळीस स्लाइड. वेळ मिळाला चहा येईपर्यंतचा, आणि चहा आज वेळेवर आला. तिसऱ्या स्लाइडवर लाइट गेली. तरी अंधारात बोलत राहिलो. साहेब शेवटी म्हणाले, छान, मुलं किती आहेत तुमची? मी म्हणालो, एक मुलगी. ते म्हणाले, शाळेत हो.

'टप्पाबाह्य' शब्दाला प्रतिसाद नाही. काळाच्या पुढचे शब्द असतात.

रेणूकडे जायचं राहिलं. रविवारी नक्की.

२१ सप्टेंबर, रविवार.

गेलो! गाडी घेऊन, चिखलातून, माळापर्यंत. पालं उठली होती. एक म्हातारा म्हणाला, पावसानं चाऱ्याचं वाटोळं केलं, निम्मी मेंढरं इकली अन् कामाला गेले खाली कुठंतरी. कुठे? म्हणाला, जिथं काम भेटंल तिथं.

मी माझं कर्तव्य केलं. लोकांनी आधी कळवायला हवं होतं.

३० सप्टेंबर, मंगळवार.

पट अठरा. मॅडमनी सही करायला पेन पुढे केलं आणि काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर उत्तर तयार होतं. दिवसभर ते उत्तर डोक्यात वाजत राहिलं.

१३ ऑक्टोबर, सोमवार.

ग्रुपवर यादी आली. अतिरिक्त शिक्षक. मॅडमचं नाव शोधलं, नाही. परत वरून पाहिलं. माझं आहे.

घोर अन्याय. चूक झाली असणार म्हणून फोन लावला. तिकडचे क्लार्क म्हणाले, सर, सेवाज्येष्ठतेत मॅडम तुमच्या पुढे आहेत. मग मी मुख्याध्यापक कसा? तर म्हणाले, त्यांनी चार्ज नको म्हणून लिहून दिलं होतं, तेव्हा तुम्ही स्वतःहून मागितला.

दिवाळीनंतर जिथे रिकामी जागा असेल तिथे. ज्या माणसाने देशाची रचना भिंतीवर आणली त्याला रिकाम्या जागेत भरणार. संताप संताप होतो. मॅडमनी पेढे वाटले नाहीत एवढंच. उलट डब्यातली अर्धी पोळी पुढे केली. खाल्ली नाही. नंतर भूक लागली.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार. केदारखेडा.

काल भाऊबीज झाली. भावनाचं माहेर हे, सासरे काकासाहेब. मोठं घर, मोठं शेत, मोठा आवाज. पावसाने निम्मा कापूस काळा पडला, उरलेला पडायच्या आत घरात यायला पाहिजे म्हणून दिवाळीतच वेचणी लावलीय. मजूर मिळत नाहीत ही त्यांची कालपासूनची रड. बदलीबद्दल मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. भावनालाही.

सकाळी जावयाला शेत दाखवायला घेऊन गेले. बाया ओळीने वेचत होत्या. शेवटच्या ओळीत एक पोरगी, कमरेला ओटी बांधलेली, दोन्ही हातांनी भराभर बोंडं रिकामी करत होती. तिने वळून पाहिलं. रेणू.

शेजारच्या ओळीत जयवंताबाई. मला बघून तिने पदर पुढे ओढला आणि हात थांबवला नाही.

बांधावर लिंबाखाली वेचलेल्या कापसाचा ढीग आणि ढिगावर छकुली. एकटीच मोठमोठ्याने सातचा पाढा म्हणत होती. सात पाचे पस्तीस. सात सक बेचाळीस. मी ऐकत उभा राहिलो. एकदाही चुकली नाही.

रेणूला विचारलं, शाळा आठवते का? ती म्हणाली, आठवती की. म्हटलं, मग यावंसं वाटत नाही? ती म्हणाली, इथं छकुलीला बसू देतेत, सर.

टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं. भाव सांगावा तसं सांगितलं तिने, आणि पुढच्या झाडाला हात घातला.

मी काकासाहेबांना बाजूला घेतलं. म्हटलं, दहा वर्षांची पोरगी कामाला लावणं कायद्यात बसत नाही. आणि ती चार वर्षांची उन्हातान्हात, तिला तरी घरी पाठवा. काकासाहेब मोठ्याने हसले. पाठीवर थाप मारून म्हणाले, जावईबापू, धाकलीला हाकललं की थोरली बी जाती, अन् थोरलीमागं माय बी. मंग कापूस कोन येचनार? म्या तर काल तिला लाडू धाडला. सर असून एवढं कळत न्हाई व्हय तुम्हाला?

ते कळायला त्यांना ट्रेनिंग लागलं नाही. पोरीच्या हातून कापूस काढून घ्यायचाय, एवढीच त्यांची गरज, आणि त्यांना कळलं. मला पोरीला शिकवायचं होतं.

दुपारी जेवण गेलं नाही. पित्त सांगितलं. भावना म्हणाली, आईने तुमच्यासाठी म्हणून केलं होतं.

२५ ऑक्टोबर, शनिवार.

सकाळी एकटाच शेतात गेलो. कोणी उठायच्या आत जायचं होतं, पण मजूर आधीच आले होते.

रेणूपाशी उभा राहिलो. तिचं वेचणं चालूच होतं. शेवटी म्हटलं, कापूस सरला की शाळेत ये. छकुलीला घेऊन ये. कुठे पण बसा, चौथीत बसा, मांडीवर बसव. खिचडी पण खाऊ दे.

तिचे हात थांबले. तिने माझ्याकडे नीट पाहिलं. खोटं बोलतोय का ते बघत असावी. मग विचारलं, तुम्ही हायत ना तिथं?

अजून कोणालाच सांगितलं नव्हतं. तिला सांगितलं. म्हटलं, नाही, माझी बदली झाली. आता सत्यशीला मॅडम एकट्याच आहेत.

रेणूचा चेहरा एकदम मोकळा झाला. म्हणाली, मंग येते.

आणि ओटी सावरून पुढच्या झाडाकडे गेली. बांधावरून छकुलीने विचारलं, ताई, काय म्हणत्यात सर? मी ऐकायला थांबलो नाही.

आज संकल्प नाही.